डबा एकच, पाट्या दोन

पत्र थोडक्यात असं : “मी मूळचा सांगलीचा, सध्या जर्मनीत आखेनला मेकॅनिकलमध्ये मास्टर्स करतोय. सिम्युलेशन आणि गेमिंग दोन्हींसाठी एक लॅपटॉप हवाय. दोन दुकानांच्या साइटवर दोन वेगळ्या नावांचे लॅपटॉप पाहिले. फोटो इतके सारखे की पोर्टसुद्धा त्याच जागी. ‘अ’मध्ये रायझन ७ ८८४५एचएस, आरटीएक्स ४०६० (११५+२५ वॅट), १६ जीबीच्या दोन रॅम, १ टीबी एसएसडी, १९२० बाय १०८० चा १४४ हर्ट्झ पडदा. किंमत १,४४९ युरो. ‘ब’मध्ये रायझन ७ ७८४०एचएस, तेच ४०६० (१०० वॅट), १६ जीबीची एकच रॅम, ५०० जीबी एसएसडी, पण पडदा २५६० बाय १४४०, २४० हर्ट्झ. किंमत १,३९९ युरो. रूममेट म्हणतो, दोन्ही एकच चिनी डबे आहेत, कुठलाही घे, नंतर सगळं वाढवता येतं. खरंच एकच आहेत का? दोन वर्षांनी ग्राफिक्स कार्ड बदलता येईल? आपण उघडलं तर वॉरंटी जाते का? आणि त्यानंतर पुण्यात परतल्यावर याला कोण हात लावणार?”

उत्तर :

तुमच्या रूममेटचं अर्धं बरोबर आहे, पण महागात पडेल ते उरलेलं अर्धं. डबा एकच असू शकतो, सगळं मात्र नंतर वाढवता येत नाही. म्हणून आधी यादीचे दोन भाग करा : स्क्रू काढून बदलता येतं ते आणि बोर्डाला डागलेलं किंवा झाकणात चिकटवलेलं ते. पहिल्या भागात आज काटकसर चालते, दुसऱ्यात नाही. हा निकष लावला तर तुमच्यासाठी ‘ब’ बरा. कारणं पुढे येतील.

आधी डब्याबद्दल. गेमिंग लॅपटॉप स्वतःच्या कारखान्यात घडवणं लहान दुकानांना परवडत नाही. ती तयार चेसिस विकत घेतात. अशा चेसिस बनवणाऱ्या कंपन्या मुख्यतः दोन : तैवानची क्लेव्हो, जी १९८३ पासून आहे, आणि चीनची टाँगफांग. त्यांच्याकडून येतो तो ‘बेअरबोन’ : सांगाडा, मदरबोर्ड, त्यावर डागलेला प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप, कूलिंग, बॅटरी. दुकान त्यात रॅम, एसएसडी, वाय-फाय कार्ड घालतं, कीबोर्डची मांडणी ठरवतं, वर आपली पाटी लावतं. जर्मनीत लाइपझिगच्या शेंकर कंपनीचा एक्सएमजी आणि आउग्सबुर्गचा टक्सेडो, ब्रिटनमध्ये पीसीस्पेशालिस्ट, अमेरिकेत सेजर, इलुक्ट्रॉनिक्स आणि सिस्टम७६ हे सगळे याच वाटेचे प्रवासी. २०२२ च्या सुमाराचं उदाहरण घ्या. एक्सएमजीचा निओ १५ आणि टक्सेडोचा स्टेलारिस १५ हे दोन्ही टाँगफांगचेच. बाहेरून नळ्या जोडायचा पाण्याचा कूलर तर एकाने ‘ओअॅसिस’ म्हणून विकला, दुसऱ्याने ‘अॅक्वारिस’ म्हणून. त्याआधी २०१९ मध्ये खुद्द इंटेलनं आराखडा आखला, टाँगफांगनं बनवला आणि तो एक्सएमजी फ्यूजन १५, इलुक्ट्रॉनिक्स मॅग-१५ अशा नावांनी बाजारात आला. यात फसवाफसवी काही नाही, या धंद्याची रीतच ही.

तेव्हा ब्रँडपेक्षा चेसिसचा कोड शोधा. क्लेव्होचे कोड एनएच, पीसी, पीडी, एनपी अशा अक्षरांनी सुरू होतात. टाँगफांगचे बहुधा जीके, जीएम किंवा पीएफने. लॅपटॉप हातात असेल तर खालच्या पट्टीवर पाहा. तिथे नसेल तर विंडोज आणि आर दाबून ‘एमएसइन्फो३२’ टाका आणि ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ ही ओळ वाचा. अजून विकत घेतलेला नसेल, तर दुकानाच्या डाउनलोड पानावर ड्रायव्हरच्या आणि बायोसच्या (बटण दाबताच मशीन जागं करणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमच्या) फाइलींची नावं बघा. पाटी कितीही बदलली तरी फाइलीच्या नावात मूळ कोड बऱ्याचदा तसाच राहिलेला असतो. तेही जमलं नाही तर सरळ मेल करून विचारा, ‘हा कोणता बेअरबोन आहे?’ जर्मन दुकानं या प्रश्नाला बिचकत नाहीत. जो बिचकेल त्याच्याकडून घेऊ नका.

कोड जुळला तरी चार गोष्टी दुकानागणिक बदलतात : पडदा, बायोस आणि ईसीचं फर्मवेअर (चिपमध्ये भरलेला प्रोग्रॅम), उष्णता हीटसिंककडे नेण्यासाठी प्रोसेसरवर लावलेली पेस्ट, आणि बिघडल्यावर उचलला जाणारा फोन. ईसी म्हणजे पंखे, चार्जिंग आणि कीबोर्ड सांभाळणारी छोटी चिप. पंखा किती अंशांवर किती वेगाने फिरावा याचा तक्ता तिच्यातच असतो आणि प्रत्येक दुकान तो आपल्या अंदाजाने बसवून घेतं. त्यामुळे एकाच डब्यातले दोन लॅपटॉप, एक लायब्ररीत चालेल असा आणि एक शेजारचा वळून बघेल असा, असू शकतात.

यातूनच एक धोका निघतो. ‘चेसिस तीच आहे, दुसऱ्या दुकानाचा नवा बायोस टाकून बघू’ असा मोह होतो. नका करू. पंख्यांचा तक्ता, वॅटच्या मर्यादा, कीबोर्डच्या दिव्यांची वायरिंग, यातलं काहीही वेगळं निघू शकतं, आणि कधी मशीन सुरूच होत नाही. मग बायोसच्या चिपला क्लिप लावून सीएच३४१ए नावाच्या छोट्या प्रोग्रॅमर यंत्राने पुन्हा लिहावं लागतं, त्यातही चिप ३.३ व्होल्टची की १.८ ची हे न पाहता जोडली तर चिपच जाते. बायोस घ्यायचा तो फक्त आपल्या विक्रेत्याचा, आणि तोही बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) तात्पुरता थांबवून व रिकव्हरी की लिहून घेऊन. नाहीतर अपडेटनंतर विंडोज ४८ आकडी की मागत बसतं.

आता तुमचे दोन लॅपटॉप.

प्रोसेसरच्या नव्या आकड्यावर पैसे टाकू नका. पाट्या बदलायचा खेळ चिपवालेही खेळतात. ८८४५एचएस आणि ७८४०एचएस दोन्ही एएमडीच्या झेन ४ या एकाच पिढीचे, आठ कोअर, कमाल वेग दोन्हींचा ५.१ गिगाहर्ट्झ. फरक आहे तो एनपीयूत, म्हणजे एआयची कामं करणाऱ्या भागात : त्याचा वेग नव्यात १६ टॉप्स (सेकंदाला लाख कोटी क्रिया), जुन्यात १०. तुमच्या सिम्युलेशनला त्याचा उपयोग शून्य. (फसवा आकडा पाहायचा असेल तर ७७३५एचएस पाहा. नाव सात हजारांचं, पण आत मागच्या पिढीचा झेन ३ प्लस. तो कुणी ‘तसाच’ म्हणून गळ्यात मारत असेल तर नाही म्हणा.)

ग्राफिक्सच्या वॅटचा मुद्दा खरा, पण इथे तो फुगवलेला आहे. लॅपटॉपच्या ४०६० ला एनव्हिडियाने ३५ पासून ११५ वॅटपर्यंतची मुभा दिली आहे, त्यामुळे ४५ वॅटचा ४०६० आणि १०० वॅटचा ४०६० ही जवळजवळ दोन वेगळी कार्डं आहेत. पण १०० च्या आसपास ही चिप व्होल्टेजच्या मर्यादेला टेकते. त्यापुढचे वॅट कागदावर दिसतात, फ्रेममध्ये फारसे उतरत नाहीत. म्हणजे ‘अ’ची ११५+२५ (वरचे २५ प्रोसेसरच्या वाट्यातून उसने) ही जाहिरात तुम्हाला विशेष काही देत नाही. जाता जाता एक : लॅपटॉपच्या ४०७० लाही मेमरी ८ जीबीच आहे, तेव्हा सिम्युलेशनला ‘व्हीरॅम (ग्राफिक्सची स्वतःची मेमरी) वाढेल’ म्हणून तिकडे उडी मारू नका.

पडद्यात मात्र खरा फरक आहे. ‘अ’च्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं काही दिसलं तर तो पडदा एसआरजीबीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नेहमीच्या रंगसंचाच्या, साधारण ६२ टक्केच रंग दाखवतो. लाल रंग विटकरी दिसतो, आणि काँटूर प्लॉटमधल्या छटा एकमेकींत मिसळतात. ‘ब’च्या २५६० बाय १४४० च्या पॅनेलला ९५ टक्क्यांहून जास्त एसआरजीबी आहे का, हे लेखी विचारा. पॅनेल नंतर बदलणं अशक्य नाही, पण चिकटपट्टी सोलून काढायची, ४० पिनांची केबल जुळवायची, आणि बायोस त्या पॅनेलला ओळखेल अशी आशा करायची. रॅम बदलण्याच्या कामाशी याची तुलनाच नाही.

ग्राफिक्स कार्ड बदलता येणार नाही. तुमच्या दोन्ही लॅपटॉपमध्ये ती चिप बोर्डाला डागलेली आहे, प्रोसेसरही तसाच. ‘क्लेव्होत कार्ड बदलता येतं’ ही ऐकीव गोष्ट एकेकाळी खरी होती. २०१५ च्या पी८७०डीएमसारख्या जाडजूड मॉडेलमध्ये एमएक्सएम नावाच्या खाचेतलं, काढता येणारं कार्ड आणि डेस्कटॉपचा सॉकेटवाला प्रोसेसर असे. तिथेही नवं कार्ड घातलं की हीटसिंकची भोकं जुळत नसत, व्हीबायोस (कार्डाचा स्वतःचा बायोस) आणि ड्रायव्हरच्या फाइली हाताने दुरुस्त कराव्या लागत. आता पर्याय एकच, बाहेरचं कार्ड. त्यासाठी यूएसबी४ चं वेगवान पोर्ट हवं. तुमच्या प्रोसेसरमध्ये ती सोय आहे, पण बोर्डवर दुकानाने किंवा कारखान्याने ते पोर्ट काढलंय का, हे विचारून घ्या. ४० गिगाबिटच्या तारेतून कार्डाला प्रत्यक्षात पीसीआयईचे (कार्ड आणि एसएसडी बोर्डाशी बोलतात त्या मार्गाचे) ३२ गिगाबिट मिळतात, आणि चित्र परत लॅपटॉपच्या पडद्यावर आणलं तर तेही वाटून जातात. म्हणून बाहेरच्या कार्डाला मॉनिटरही बाहेरचाच लावायचा. एवढा सगळा खर्च एकत्र मांडला की साधा डेस्कटॉप बरा वाटायला लागतो, आणि बहुतेकदा तो खरोखरच बरा असतो.

रॅमचं वेगळं. ‘ब’मध्ये एकच १६ जीबी आहे, म्हणजे ६४ बिटांचा एकच रस्ता चालू. दुसरी बसवली की रस्ता दुप्पट रुंद होतो आणि सिम्युलेशन आणि गेम दोन्हींत ते जाणवतं. दोन्ही प्रोसेसर डीडीआर५-५६०० घेतात. सोडिम (लॅपटॉपच्या रॅमची आखूड पट्टी) हवी ती २६२ पिनांची. जुन्या लॅपटॉपातली डीडीआर४ (२६० पिना) खाचेत बसतच नाही, जोर लावू नका. काही खुणा लक्षात ठेवा. जुन्या रॅमच्या पट्टीवर ‘१आरएक्स८’ (चिपांची मांडणी सांगणारा कोड) असं छापलेलं असेल तर नवीही तशीच घ्या. ८ जीबीच्या डीडीआर५ पट्ट्या ‘एक्स१६’ चिपांच्या असतात, आतले बँक गट (चिपमधले मेमरीचे कप्पे) निम्मे आणि वेग कमी, म्हणून ८ अधिक ८ हा स्वस्त पर्याय मोडीत काढा. सिम्युलेशनमध्ये मोठ्या मेशवर (लाखो तुकड्यांच्या जाळीवर) काम असेल तर ३२ अधिक ३२ जीबी एकाच जोडीत घ्या. ४८ जीबीच्या पट्ट्याही मिळतात.

एक गोष्ट आता पूर्वीसारखी राहिली नाही. ‘दुकानात कमी रॅम घ्या, बाहेरून स्वस्त मिळते’ हा सल्ला वर्षानुवर्षं खरा होता. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव इतके चढलेत की काही दुकानांत जुन्या साठ्याची रॅम कॉन्फिगरेटरमध्येच (साइटवर सुटे भाग निवडायच्या पानावर) स्वस्त पडते. ऑर्डर करायच्या दिवशी दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. दुकानाची दुसरी १६ जीबी बाहेरच्यापेक्षा महाग नसेल तर तिथेच टिचकी मारा.

बाहेरून घेतलीत तर बसवायची पद्धत ही. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, झोपवू नका, पूर्ण बंद. मऊ फडक्यावर पालथा ठेवा. पीएच१ किंवा पीएच० स्क्रूड्रायव्हरने स्क्रू काढताना कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला की आतून बोर्डाला टोचतो. झाकण प्लास्टिकच्या पातीने उचका, स्टीलने नाही. उघडताच पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढण्याचं. वायर न ओढता, कनेक्टरच्या दोन्ही कानांना धरून. मग रॅम तीसएक अंशांच्या तिरक्यात घुसवा, सोनेरी कडा जवळपास दिसेनाशी झाली पाहिजे, आणि दाबा. दोन्ही बाजूंनी ‘टक्’ आवाज आला की झालं. एका बाजूनेच आला तर काढून पुन्हा घाला.

आता पहिलं बटण. पडदा काळा, पंखा फिरतोय, मिनिट गेलं, दोन गेली. इथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि ते बटण दाबून धरतात. डीडीआर५ नवी दिसली की बोर्ड ती पारखून घेतो, आणि त्याला काही मिनिटं लागतात. दहा मिनिटं हात लावू नका. त्यानंतरही काही नाही तर एकेक पट्टी घालून तपासा.

एसएसडीसाठी ऑर्डरआधीच दुकानाला विचारा की एसएसडीची दुसरी खाच (एम.२) आहे का, आणि ती पीसीआयई ४.० च्या चार लेनची आहे की कमी. खाच २२८० लांबीची असते. ४ टीबीच्या काही एसएसडींवर दोन्ही बाजूंना चिपा असतात. खाली जागा कमी असेल तर त्या वाकून बसतात, म्हणून एकबाजूच्या घ्या. आणि रिकाम्या खाचेचा एम२ बाय ३ मिलिमीटरचा स्क्रू बरेचदा डब्यात नसतोच. एक युरोची पुडी आधी मागवून ठेवा, नाहीतर रविवारी एसएसडी हातात आणि स्क्रू नाही. वाय-फाय बदलायचं झालं तर एएमडीच्या बोर्डावर इंटेलचं एएक्स२१० चालतं, एएक्स२११ चालत नाही, ते फक्त इंटेलच्या प्रोसेसरसाठीचं.

पेस्ट हा असा विषय आहे की ज्यावर दुकानं जास्त पैसे मागतात आणि तरी ते द्यायला हवेत. लॅपटॉपमध्ये चिपवर झाकण नसतं, नागड्या सिलिकॉनवरच हीटसिंक टेकतो. गरम-थंड होताना दोन्ही पृष्ठभाग किंचित हलतात आणि पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. वर्षा-दीड वर्षाने एक कोअर ९५ वर आणि शेजारचा ७८ वर असं दिसायला लागलं की हेच झालेलं असतं. म्हणून कॉन्फिगरेटरमध्ये फेज-चेंज पॅडचा (तापल्यावर मऊ होऊन फटी भरणाऱ्या पट्टीचा) पर्याय असेल (हनीवेलचा पीटीएम७९५० याच जातीचा) तर तो घ्या. तो ढकलला जात नाही. द्रवरूप धातू टाळा. तो अॅल्युमिनियम खातो, आणि हलवाहलवीत थेंब बोर्डावर गेला तर शॉर्ट. पुढे स्वतः पेस्ट बदललीत तर मेमरीचे पॅड आहेत त्याच जाडीचे परत लावा. १ मिलिमीटरच्या जागी १.५ चा लावला की हीटसिंक चिपवरून उचलला जातो, आणि तापमान आधीपेक्षा वाईट येतं. स्क्रूंवर १, २, ३ असे आकडे असतात. लावताना त्या क्रमाने, काढताना उलट्या.

वॉरंटीचं. रॅम किंवा एसएसडीसाठी झाकण उघडलं म्हणून एक्सएमजीसारखे विक्रेते वॉरंटी नाकारत नाहीत. तुम्ही केलेलं नुकसान मात्र तुमचं. तरी तुमच्या दुकानाचं उत्तर मेलवर घेऊन ठेवा. कायद्याचा आधार वेगळा आहे : जर्मनीत ग्राहकाला दोन वर्षांची गेवेर्लाइस्टुंग, म्हणजे विक्रेत्यावरची दोषाची कायदेशीर जबाबदारी, मिळते आणि पहिल्या १२ महिन्यांत दोष आधीपासूनच होता असं गृहीत धरलं जातं. ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत परतही करता येते. म्हणून आल्यावर लगेच उघडू नका. पहिले दहा दिवस जसा आलाय तसाच झोडपा. गेम अर्धा तास चालवून एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान, वॅट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ग्राफिक्सचे वॅट खरोखर १०० च्या आसपास टिकतात का पाहा, अंधारात काळा पडदा करून कडा बघा, शांत खोलीत कान लावून कॉइलची शीळ ऐका. दोष निघाला तर परत, नाही तर मग स्क्रूड्रायव्हर. आणि याच दहा दिवसांत नाही, तर पहिल्यांदा झाकण उघडाल त्या दिवशी बॅटरी, दोन्ही पंखे आणि पॅनेल यांच्या पट्ट्यांचे, तसंच चार्जरवरच्या व्होल्ट-अँपिअरचे फोटो काढून ठेवा.

ते फोटो तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहेत. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर लॅपटॉपचं जर्मन नाव सांगितलंत तर समोरचा फक्त मान हलवेल. बॅटरीच्या पट्टीवरचा कोड दाखवलात तर तो मागवू शकेल. दुकानाची सेवा मात्र जर्मनीतच राहते. भारतातून पाठवायचं तर लिथियम बॅटरीचे नियम, कुरिअर, परत येताना कस्टम्स, सगळं तुमच्या डोक्यावर. परतायला वर्षच उरलं असतं तर मी आंतरराष्ट्रीय वॉरंटी देणाऱ्या मोठ्या कंपनीचा लॅपटॉप सुचवला असता. दोन वर्षं आहेत, म्हणून हा धोका घेण्यासारखा वाटतो.

निघण्याआधी डाव्या-उजव्या पंख्यांची एक जोडी विक्रेत्याकडून घेऊन ठेवा. धुळीने आधी तेच जातात. बॅटरी साठवून ठेवू नका, ती पडून पडूनही म्हातारी होते. त्याऐवजी लॅपटॉपबरोबर येणाऱ्या कंट्रोल सेंटर प्रोग्रॅममध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवा. टचपॅडची टिचकी अडायला लागली किंवा तळ टेबलावर डुलायला लागला तर बॅटरी फुगतेय असं समजा आणि ती विमानात नेऊ नका. धड बॅटरी १०० वॅट-अवरच्या आत असते, तो लॅपटॉप हातातल्या बॅगेतच न्यायचा. १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप ड्यूटीशिवाय आणता येतो. कीबोर्ड ऑर्डर करताना मात्र यूएस किंवा यूके मांडणी निवडा, नाहीतर जर्मन मांडणीत आयुष्यभर झेडच्या जागी वाय. ही मांडणी नंतर बदलायची तर बऱ्याच चेसिसमध्ये अख्खं वरचं कव्हर घ्यावं लागतं, कारण कीबोर्ड रिव्हेटने ठोकलेला असतो. चार्जर १०० ते २४० व्होल्ट चालतो. विटेएवढ्या त्या चार्जरला डेस्कटॉपच्या मॉनिटरला लागते तीच वायर बसते. भारतीय तीन पिनांची ती वायर पुण्यात कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळेल, जर्मन वायर आखेनलाच ठेवून या.